पोडावर पाठवण्याआधी काय शिकवता?

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मंत्रालय, मुंबई.



मी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याचा रहिवासी. घाटंजी, पांढरकवडा, मारेगावकडे कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या आहेत, गोंडांची गावे आहेत. पुसद, दिग्रसकडे बंजारा तांडे. हे आपणांस ठाऊक आहे. कोलाम हा राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक, असे शासनच लिहिते. मग तिथे ज्यांना आपण पाठवता त्या आशाताई, समुपदेशक, शिबिरांतले स्वयंसेवक यांना ही माणसे कशी राहतात, कशाला लाजतात, कोणाचे ऐकतात, हे कोणी शिकवते का?

एका शिबिरात पाहिलेले सांगतो. टेबलामागे शहरातून आलेला विशीतला स्वयंसेवक, समोर कोलाम बाई. त्याची मराठी तिला उमगेना, तिची कोलामी त्याला. शेवटी तिच्या पाचवीतल्या पोराला पुढे केले. "आईला विचार, पाळी कधी आली होती?" पोरगा मान खाली घालून उभा. बाईने पदर ओढला आणि निघून गेली. फॉर्मवर शेरा पडला, 'सहकार्य नाही'. कोणी केले नाही सहकार्य?

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे घ्या. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 चे उद्दिष्ट ठरले. दोन वाहकांनी आपसांत लग्न करू नये, हा सल्ला योग्यच. पण गोंडांत सोयरीक देवांवरून जुळते. सहा देवे की सात देवे, हे पाहिल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. एवढेही ज्याला माहीत नाही, तो दारात उभा राहून त्यांच्या पोरीच्या लग्नावर काय बोलणार? आणि घरच्यांनी ते का ऐकावे? त्याने दिलेले तपासणीचे कार्ड पेटीच्या तळाशी जाते. 'हिच्यात दोष आहे' एवढे मात्र गावभर होते.

2015 पासून प्रेरणा प्रकल्पात शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूसही आपण आशाताईंवर सोपवली. ती गावचीच सून. कर्जात बुडालेला, नात्याने दीर लागणारा माणूस तिला 'जीव द्यावासा वाटतो' असे सांगेल, हे मुंबईत कोणाला पटले?

आणि चूक झाली की आपण कोणाला धरता? 31 जानेवारी 2021 ला घाटंजी तालुक्यात भांबोरा आरोग्य केंद्राच्या हद्दीत 12 बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. कर्मचाऱ्यांच्या निलंबनाच्या बातम्या लगेच आल्या. त्या कर्मचाऱ्यांना शिकवले काय होते, याचा खुलासा आमच्या वाचनात आला नाही.

शब्द देणे आपल्याला अवघड जात नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये आशांना 7,000 रुपये वाढ जाहीर झाली. शासन निर्णयासाठी त्यांना पुन्हा संपावर बसावे लागले आणि मार्च 2024 मध्ये पदरात 5,000 पडले. अशा बाईकडून आपण आणखी शिकण्याची अपेक्षा ठेवणार असाल, तर त्या दिवसांची मजुरीही ठेवा.

शिकवायला पुण्याहून तज्ज्ञ नकोत. पोडाचा नाईक, तांड्यावरची सुईण, बारावी झालेली कोलाम मुलगी यांना मानधन देऊन बोलवा. ते टेबलाच्या त्या बाजूला बसतील आणि आपले कर्मचारी या बाजूला. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पुढील वार्षिक आराखड्यात यवतमाळ जिल्ह्यासाठी या कामाला किती रुपये मागणार आहात, हा आकडा लेखी कळवावा.

आपला,
लोहारा येथील एक नागरिक