निवेदकाचे मौन आणि श्रोत्याचे देणे

मंडळाच्या मागील बैठकीत, मुख्य विषय संपून चहा फिरू लागल्यावर, एक वाद अनपेक्षितपणे पेटला. सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या निवेदकांनी समाजमाध्यमांवर आपली राजकीय मते मांडावीत की नाही, असा तो प्रश्न. तरुण सभासदांचे म्हणणे असे की, निवेदक हाही नागरिकच आहे; काम संपवून घरी गेल्यावर तो काय लिहितो, याच्याशी इतरांना काय कर्तव्य? ज्येष्ठांपैकी काहींनी अगदी उलट टोक गाठले: ज्याचा पगार खातो त्याच्याविरुद्ध त्याने तोंड उघडू नये. आम्हांला ही दोन्ही मते अमान्य आहेत. निवेदकाने पक्षीय वादांत मौन पाळावे असेच आमचेही मत आहे. परंतु ते मौन तो पगार देणाऱ्याचे देणे लागत नाही, ऐकणाऱ्याचे लागतो. हा भेद वरवर सूक्ष्म वाटला तरी सारा निवाडा त्यावरच अवलंबून आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वादाला निमित्त झाले ते इंग्लंडमधील प्रकरण. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे माजी कर्णधार गॅरी लिनेकर हे बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या लोकप्रिय कार्यक्रमाचे सूत्रसंचालन १९९९ पासून करीत होते. मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने छोट्या होड्यांतून खाडी ओलांडून येणाऱ्या आश्रयार्थींना रोखण्यासाठी विधेयक आणले. लिनेकर यांनी ट्विटरवर त्या धोरणाला क्रूर ठरवले आणि सरकारच्या भाषेची तुलना १९३०च्या दशकातील जर्मनीतील भाषेशी केली. १० मार्चला बीबीसीने त्यांना कार्यक्रमातून बाजूला केले. त्याबरोबर त्यांचे सहकारी समालोचकही बाजूला झाले आणि दुसऱ्या दिवशी तो कार्यक्रम निवेदकावाचून, समालोचनावाचून, जेमतेम वीस मिनिटांत उरकावा लागला. १३ मार्चला बीबीसीच्या महासंचालकांनी माघार घेतली, दिलगिरी व्यक्त केली आणि नियमांची चौकशी करण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. प्रमुख कार्यक्रमांच्या सूत्रसंचालकांनी प्रश्नांवर मत मांडण्यास हरकत नाही, पण कोणत्या पक्षाचा पुरस्कार वा निषेध करू नये, राजकारणी व्यक्तींच्या चारित्र्यावर टीका करू नये, असे त्यांचे सार. पुढे मे २०२५ मध्ये, ज्यूद्वेषाचे जुने प्रतीक मानल्या जाणाऱ्या उंदराचे चित्र असलेला एक मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठवल्यामुळे लिनेकर यांना क्षमा मागावी लागली, आणि त्यांनी बीबीसी सोडली.

या प्रकरणात बरोबर कोण, हे ठरवण्याआधी एक मूळ प्रश्न विचारावा लागतो. प्रसारण संस्थेतून येणारा आवाज मुळात कोणाचा असतो?

आपल्यापैकी पुष्कळ घराणी संस्थानी राजवटींत वाढलेली आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही. बडोदे आणि हैदराबाद या संस्थानांची स्वतःची नभोवाणी केंद्रे होती. हैदराबादचा डेक्कन रेडिओ सप्टेंबर १९४८ पर्यंत दरबाराचेच बोलत होता, आणि तो तसा बोलतो याचे कोणाला नवल वाटत नव्हते. नभोवाणी राजाची, तेव्हा आवाजही राजाचा. ही केंद्रे पुढे आकाशवाणीत आली. मालक बदलला, पण नवा मालक कोण, हे स्पष्ट व्हायला आपल्या देशाला बराच काळ लागला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, ज्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे एक न्यायाधीश होते, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे मालक श्रोता आहे. इंग्लंडात तो दर घरटी परवानाशुल्क भरतो. आपल्याकडे एके काळी तोच टपाल कचेरीत जाऊन रेडिओचा परवाना काढून आणत असे, आणि आज करांच्या रूपाने पैसे देतो. त्यात सत्ताधाऱ्यांना मत देणारा असतो तसा विरोधकांना मत देणाराही असतो.

ज्यांच्या वाड्यात एकच रेडिओ होता, त्यांना हे अधिक स्पष्टीकरणावाचून समजेल. संध्याकाळच्या बातम्यांना ओसरीवर काँग्रेसचे काका, जनसंघाचे मामा आणि लाल झेंड्याचा एखादा तरुण भाडेकरू एकत्र बसत. बातम्या संपल्या की कडाक्याचे भांडण होई. ते घडलेल्या गोष्टींवरून होई. बातमी देणारा कोणाच्या गोटातला, यावरून होत नसे. तिघांनाही घडलेली गोष्ट एकाच आवाजातून कळली होती, म्हणून तर भांडता येत होते. आज घरोघर प्रत्येकाचा रेडिओ त्याच्या खिशात आहे, आणि प्रत्येकाला त्याच्याच मताचा निवेदक लाभला आहे. आता भांडण होत नाही, कारण बोलणेच खुंटले आहे.

गोव्यातील वाचकांना आम्ही अधिक जवळची आठवण देतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, या प्रश्नाने एकेका घराची दोन शकले केली होती. विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. त्या दिवसांत आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर कोंकणी व मराठी अशा दोन्ही भाषांतून कार्यक्रम होत. समजा, तेव्हा आजच्यासारखी समाजमाध्यमे असती, आणि मराठी निवेदकाने रात्री घरी जाऊन विलीनीकरणाचा व कोंकणी निवेदकाने त्याच्या विरोधाचा जयघोष लिहिला असता. दुसऱ्या दिवशी निकालाचा आकडा त्यांच्या तोंडून कोणाला खरा वाटला असता? हरलेल्या बाजूने पराभव स्वीकारायचा, तर आकडा सांगणारा आवाज तिच्याही विश्वासातला असावा लागतो. बेळगावकरांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकताच नाही.

यावर तरुण मंडळींचे उत्तर ठरलेले आहे: आम्ही आमच्या खात्यावर ‘मते वैयक्तिक’ असे लिहून ठेवतो. या पाटीचा उपयोग किती, ते कीर्तनावरून पाहावे. नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या बुवांच्या पाया वडीलधारी माणसेही पडतात. तो नमस्कार गादीला असतो, बुवांना नव्हे. गादीवरून उतरलेल्या बुवांनी चौकात उभे राहून आपल्या जमिनीच्या दाव्यात साक्षीदार गोळा करायला सुरुवात केली, तर जमणारी माणसे गादीमुळेच जमतील, बुवांनी कितीही ‘हे माझे खासगी बोलणे’ म्हटले तरी. निवेदकाच्या खात्यावर लाखो लोक येतात ते सार्वजनिक पैशाने घडवलेल्या ओळखीमुळे. ती ओळख त्याने पक्षाच्या कामी लावणे म्हणजे दुसऱ्याची ठेव वापरणे होय. राष्ट्रीय कीर्तनाचा दाखला कोणी देईल. पण तेथे श्रोता काय ऐकायचे हे जाणून येई, आणि न येणाऱ्याकडून वर्गणी घेतली जात नसे.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. तो आम्ही हलका मानत नाही. मात्र स्वातंत्र्य आणि आसन ही दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे हाती ठेवण्याचा हट्ट आम्हांला मान्य नाही. पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीत रुजू झाले. तेथूनच ते बीबीसीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, आणि ‘अपूर्वाई’ त्या प्रवासाचे फळ आहे. हेच पु. ल. १९७७च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध जाहीर सभांतून बोलले आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. त्या वेळी आकाशवाणीची नोकरी सोडून त्यांना बरीच वर्षे लोटली होती. आसन मोकळे केलेल्या माणसाच्या शब्दाला जी धार येते, ती आसनावर बसून मिळत नाही.

मत असू नये, असे तर आम्ही मुळीच म्हणत नाही. मुंबई दूरदर्शनवरून अनंत भावे बातम्या वाचत, आणि पुष्पा भावे हे नाव महाराष्ट्रातल्या कितीतरी सामाजिक लढ्यांशी जोडलेले होते. ज्या घरात रात्रंदिवस सार्वजनिक प्रश्नांची चर्चा, त्या घरातील गृहस्थाला मते नव्हती असे कोण म्हणेल? पण ती बातमीपत्रात डोकावल्याचे आम्हांला आठवत नाही. मत बाळगूनही ते बाहेर ठेवता येते, ही एक साधना आहे. तिला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी ती आठवडाभर करून पाहावी.

येथवर वाचून ज्येष्ठ सभासद समाधान पावले असतील, तर त्यांनी थोडे थांबावे. मौन श्रोत्याचे देणे आहे, हे एकदा मान्य केले की ते एकट्या निवेदकाकडून वसूल करता येत नाही. ते संपूर्ण संस्थेचे देणे ठरते, आणि वसुली वरून सुरू व्हावी लागते. लिनेकर यांना बाजूला करणाऱ्या बीबीसीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड शार्प हे सत्ताधारी पक्षाचे देणगीदार होते. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या ८ लाख पौंडांपर्यंतच्या कर्जहमीच्या व्यवहारातील आपला सहभाग त्यांनी नेमणुकीच्या वेळी पुरेसा उघड केला नव्हता, असे चौकशीत दिसून आले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. खेळाच्या निवेदकाने एक वाक्य लिहिले म्हणून त्याला घरी बसवायचे, आणि अध्यक्षांच्या खुर्चीला पक्षाचा असा धागा असावा, याला निःपक्षपात म्हणत नाहीत. त्याच लिनेकर यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये, विश्वचषकाच्या आरंभी, बीबीसीच्याच पडद्यावरून कतारमधील मानवी हक्कांच्या स्थितीवर बोट ठेवले होते. तेव्हा संस्थेला बाध आला नाही. परक्या राजावरील टीका चालते, आपल्या राजावरची चालत नाही, असा नियम असेल तर तो संस्थानी काळातलाच नियम झाला.

आपल्याकडील अनुभव याहून कडू आहे. आणीबाणीत आकाशवाणीच्या निवेदकांनी एकही मत मांडले नाही. त्यांचे उच्चार शुद्ध होते, स्वर संयत होता, आणि बातमीपत्र मात्र सरकारचे होते. मूळचे खांडव्याचे, इंदूरच्या ख्रिश्चन महाविद्यालयात शिकलेले किशोरकुमार सरकारच्या प्रचारकार्यात सहकार्य देईनात, म्हणून १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणीवरून बंद करण्यात आली. कोणा निवेदकाचे वैयक्तिक मत आड न येता श्रोत्याची ही फसवणूक झाली. निवेदक मुका आणि संस्था पक्षपाती, हा सर्वांत वाईट प्रकार. कारण त्यात निवेदकाने जपलेला विश्वास खोट्या मालावर शिक्का मारण्यासाठी वापरला जातो.

१९९०च्या प्रसारभारती कायद्यात या संस्थेने स्वतःच्या कोणत्याही मताचा वा विचारप्रणालीचा पुरस्कार न करता परस्परविरोधी मतांसह माहितीचा समतोल प्रवाह ठेवावा, असे कर्तव्य नमूद आहे. तो कायदा अमलात यायला १९९७ साल उजाडले. हे बंधन कायद्याने संस्थेवर घातले आहे, आणि निवेदकाचे मौन हा त्याचा एक लहानसा भाग आहे. मोठा भाग सोडून लहान भागाचा आग्रह धरणाऱ्यांचा हेतू आम्हांला शुद्ध वाटत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. बातम्या व चालू घडामोडींच्या निवेदकांनी पक्षीय वादांवर समाजमाध्यमांत लिहू नये. खेळ, संगीत, शेती यांच्या निवेदकांना सामाजिक प्रश्नांवर मोकळीक असावी. मात्र पक्षाचा प्रचार आणि निवडणुकीच्या काळातील मतप्रदर्शन त्यांनीही टाळावे. या मापाने लिनेकर यांचे २०२३चे मत हा शिक्षेचा विषय नव्हता, तुलनेतील अतिशयोक्ती हा फार तर समज देण्याचा विषय होता. हाच नियम अध्यक्षांना, संचालकांना आणि संपादकांना अधिक कडकपणे लागू असावा. आणि स्तुती हेही मतच असते, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. मंत्र्यावर टीका करणाऱ्या निवेदकाला कारणे दाखवा नोटीस आणि मंत्र्याचा गौरव करणाऱ्याला बढती, असा व्यवहार जेथे असेल तेथे नियम पाळण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. खोटी बातमी वाचण्याची सक्ती झाली, तर निवेदकाने वाचण्यास नकार द्यावा, प्रसंगी राजीनामा द्यावा, आणि मग त्याचे कारण जगाला ओरडून सांगावे. त्या ओरडण्याला आम्ही टाळ्या वाजवू.

आपल्यासारख्या, मूळ प्रांताबाहेर पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या लोकांना या प्रश्नाची झळ इतरांहून अधिक लागते. खासगी वाहिन्या संख्येकडे पाहतात, आणि संख्या आपल्यापाशी कधीच नव्हती. बहुसंख्यांचा आवाज कोणीही विकत घेईल. अल्पसंख्याला त्याच आवाजात स्थान मिळेल याची हमी फक्त सर्वांच्या मालकीची प्रसारण संस्था देऊ शकते. ती एका बाजूची झाली, मग निवेदकाच्या उतावीळपणाने असो की वरच्यांच्या इशाऱ्याने, तर आपण जेथे आहोत तेथे आधी आपण ऐकू येईनासे होऊ.

ज्या सभासदांना हे पटले नसेल, त्यांनी पुढील अंकासाठी उत्तर अवश्य लिहावे. आम्ही ते एक शब्दही न गाळता छापू.