पोरीच्या हातात किती पडले?



आमच्या आजोबांच्या पिढीत पैसा एकाच दिशेने चालायचा. माणूस नागपूरच्या गिरणीत नाहीतर मुंबईला, आणि मनिऑर्डर गावाकडे. त्या मनिऑर्डरला शंभरामागे पाच रुपये कमिशन पडे, हे घरातल्या लहानथोरांना तोंडपाठ होते. आता आमच्या शहापुरात पैसा उलटाही चालू लागला आहे. बाप गावात आणि पोरगी इंग्लंडात शिकायला. याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण या नव्या मनिऑर्डरला कमिशन किती पडते, हे विचारले तर भले भले गप्प बसतात.

परवा विहारातून परतताना शेजारचे एक भाऊ भेटले. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "भाऊ, पोरीले पंधराशे पौंड पाठवाचे हायेत. खोलीचं भाडं थकलं. शिष्यवृत्तीचा हप्ता अजून आला नाही, मुदत आठ दिवसांची. एका बँकेत पाचशे रुपये लागते म्हणते, दुसरीत बाराशे. पाचशेवालीतच भरतो ना?" पैसे फंडातले होते. जन्मभर घाम गाळून जमवलेले.

आम्ही म्हटले, "घाई करू नका भाऊ. उद्या अर्धी रजा टाकतो, दोघे मिळून जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोन्ही बँकांत आम्ही एकच प्रश्न विचारला: "मुलीच्या खात्यात पूर्ण पंधराशे पौंड पडायला हवेत, तर आमच्या खात्यातून एकूण किती रुपये जातील? कागदावर मांडून द्या."

भाव रोज बदलतो, म्हणून पुढचे आकडे हिशेब समजण्यापुरतेच धरा. पाचशे शुल्कवाल्या बँकेचा भाव होता पौंडाला 118 रुपये 50 पैसे. म्हणजे 1,77,750 रुपये. शुल्क 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 90. एकूण 1,78,340. बाराशे शुल्कवाल्या बँकेचा भाव 116 रुपये 50 पैसे. म्हणजे 1,74,750. शुल्क जीएसटीसह 1,416. एकूण 1,76,166. चलन बदलण्यावरचा जीएसटी वेगळा, तो दोन्हीकडे अडीचशेच्या घरात. "स्वस्त" बँक 2,174 रुपयांनी महाग निघाली!

वाचकहो, इथेच सामान्य माणूस फसतो. शुल्क पाटीवर लिहिलेले असते, खरे कमिशन भावात लपलेले असते. बाजारातला भाव एक, बँक आपल्याला पौंड विकते तो भाव दुसरा. त्याला 'टीटी सेलिंग' भाव म्हणतात. या दोहोंतला फरक हीच बँकेची मोठी कमाई. रक्कम मोठी असेल तर व्यवस्थापकाला भेटून भाव कमी करता येतो. मागायला लाजू नका.

दुसरी गळती वाटेत असते. आपल्या बँकेतून निघालेला पैसा अनेकदा मधल्या एखाद्या परदेशी बँकेतून जातो आणि ती आपला वाटा कापून घेते. पंधराशे पाठवले तरी चौदाशे ऐंशीच पोहोचले, असे होऊ शकते. भाडे नाहीतर फी अपुरी पडली की पोरीला दंड. म्हणून सगळा खर्च पाठवणाराच भरणार, अशी खूण फॉर्मवर करावी. त्याला थोडे जास्त लागते, पण रक्कम पूर्ण पडते.

या भावाचा चटका आपल्या घराला नवा नाही. 1920 साली बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले ते पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये घेऊन. त्या वर्षी फेब्रुवारीत रुपयाला 2 शिलिंग 10 पेन्सच्या आसपास मिळत होते. पुढच्या वर्षी 1 शिलिंग 4 पेन्सही मिळेनात. म्हणजे ज्या हजार रुपयांचे 141 पौंड झाले असते, त्यांचे 66 सुद्धा होईनात. इकडे रमाई काटकसरीने घर चालवत होत्या, तिकडे बाबासाहेब अर्धपोटी अभ्यास करत होते. त्यांनी डी.एस्सी.साठी विषय घेतला तो रुपयाचाच. तो प्रबंध 1923 मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाला. रुपया घसरला की व्यापाऱ्याला लाभ होतो तो मजुराच्या पोटातून, कारण महागाई आधी वाढते आणि मजुरी मागून, हे त्यांनी दाखवून दिले. अशा बापाची लेकरे आपण. रुपयाचा भाव विचारायला आपण का भ्यावे?

आता एक सावधगिरीची गोष्ट. त्याच संध्याकाळी एक गृहस्थ भाऊंकडे आले. "रोख द्या, उद्या पोरीच्या खात्यात पौंड. बँकेपेक्षा स्वस्त, कागद नाही, पत्र नाही." भाऊंचे मन डळमळले. आम्ही स्पष्ट सांगितले, हा हवाला आहे. 1999 च्या फेमा कायद्याखाली रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. शिवाय पोरीच्या खात्यात अनोळखी माणसाचा पैसा पडला तर तिथली बँक खाते गोठवू शकते आणि चौकशीला पोरीलाच तोंड द्यावे लागते. दोन हजार वाचवायला तिचे शिक्षण पणाला लावायचे काय?

कायद्याचा मार्ग अवघडही नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला एप्रिल ते मार्च या वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन कार्ड, ए-2 अर्ज, विद्यापीठाचे पत्र आणि मुलीच्या पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. अर्जात उद्देश 'शिक्षण' असाच लिहा. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस कापला जात नाही. त्यापुढे कापला तरी तो बुडत नाही, आयकराचे विवरण भरून वळता होतो किंवा परत मिळतो. गावच्या शाखेत परदेशी चलनाचे काम होत नसेल तर कोणत्या शाखेत होते ते विचारा. परवानाधारक चलन विनिमय कंपन्याही शिक्षणाचे पैसे पाठवतात. त्यांचाही भाव घ्या, पण परवाना रिझर्व्ह बँकेच्या यादीत पाहूनच. ठरलेले शुल्क प्रत्येक वेळी लागते, म्हणून थोडे थोडे पाठवण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचे एकदम पाठवलेले बरे. आणि मुदतीच्या आधी चार-पाच कामाचे दिवस हाताशी ठेवा.

भाऊंनी बाराशेवाल्या बँकेतून पैसे भरले. चौथ्या दिवशी रात्री पोरीचा फोन आला, "बाबा, पूर्ण पंधराशे आले. भाडं भरलं." माय पदराने डोळे पुसत होती.

वाचकहो, तुमच्या वस्तीतले लेकरू परदेशी असेल तर त्याच्या आईबापांसोबत एकदा बँकेत जा. शिकलेल्यांनी एवढी अर्धी रजा समाजाला द्यायलाच हवी. आणि काउंटरवर पहिला प्रश्न शुल्काचा नको. पोरीच्या हातात किती पडतील, हा विचारा.

जयभीम!