लोकर आहे, बाजार नाही

दख्खनच्या माळावरील मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरावी लागते. एकेकाळी ही कातरणी म्हणजे धनगराच्या घरी चार पैसे येण्याचा हंगाम असे. लोकर सनगराकडे जाई, तिचे सूत निघे, त्याला चिंचोक्याची खळ चढे आणि घोंगडी तयार होई. आज अनेक वाड्यांवर चित्र उलटे आहे. कातरणाऱ्याची मजुरी मेंढपाळाला पदरची द्यावी लागते आणि कातरलेली लोकर गिऱ्हाईक नसल्याने बांधावर टाकून दिली जाते. ज्या मालातून खर्चही निघत नाही, त्याकडे उत्पादक फार काळ लक्ष पुरवीत नाही, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा आहे. आपल्या लोकर-धोरणाला मात्र तो अद्याप पुरता उमगलेला दिसत नाही.

आकडे बोलके आहेत. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील मेंढ्यांची संख्या साडेसहा कोटींवरून सुमारे 7 कोटी 43 लाखांवर गेली. उलट 2014-15 साली सुमारे 4 कोटी 81 लाख किलो असलेले लोकरीचे उत्पादन 2022-23 साली 3 कोटी 36 लाख किलोंवर आले. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली! त्यातही जी निघते ती मुख्यतः गालिच्याच्या प्रतीची. अंगावर घालण्याच्या कापडासाठी लागणारी तलम मेरिनो लोकर आपण परदेशांतून, विशेषतः ऑस्ट्रेलियातून आणतो. 2022 च्या डिसेंबरात त्या देशाशी झालेला व्यापारकरार अमलात आल्यापासून तिच्यावरील आयातशुल्कही उठले आहे.

या दुखण्यावर सरकारने आजवर काढलेला उतारा प्रामुख्याने वाणसुधाराचा होता. राजस्थानात अविकानगर येथे 1962 साली मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि विलायती मेंढ्यांशी संकराचे प्रयोग सुरू झाले. आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठात अंगोरा बोकड आणि संगमनेरी शेळी यांच्या संकरातून मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचे तलम व चमकदार केस, मिळविण्याचा प्रयत्न झाला. शास्त्रज्ञांच्या परिश्रमांविषयी आदर राखूनही हे सांगितले पाहिजे, की या प्रयोगांतून मोहेरचा धंदा काही उभा राहिला नाही. तलम धाग्याची किंमत त्याच्या प्रतवारीवर ठरते. पाच-पन्नास जनावरांची लोकर काळी-पांढरी, जाडी-बारीक अशी एकाच पोत्यात कोंबली गेली, की उत्तम धाग्यालाही निकृष्टाचाच भाव मिळतो. मग मेंढपाळाने नाजूक संकरित जनावर घेऊन मैलोगणती पायपीट का करावी?

त्याने आपला हिशोब केव्हाच करून टाकला आहे. मटणाला भाव आहे, शेतात मेंढरे बसविली तर खताचे चार पैसे मिळतात. लोकरीचे काहीच मिळत नाही. म्हणून अंगावर अर्धा किलोच्या आसपास लोकर बाळगणाऱ्या दख्खनीऐवजी तो जत भागातील उंचपुऱ्या, मांसल माडग्याळ मेंढीकडे वळला. त्याला अडाणी म्हणणे हा आपला अडाणीपणा ठरेल. राज्य शासनाची 2017 साली सुरू झालेली महामेष योजना मेंढ्या घेण्यास अनुदान देते, ते स्वागतार्हच आहे. तथापि अशा योजनेने कळप वाढतो. लोकरीला गिऱ्हाईक मिळत नाही.

या बाबतीत आफ्रिकेतील लेसोथो या चिमुकल्या डोंगरी देशाचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील गरीब मेंढपाळ लोकर व मोहेर विकून संसार चालवितात. गावोगावच्या कातरणी-गोठ्यांत माल कातरून, प्रतवार लावून, उत्पादकांच्या संघामार्फत दक्षिण आफ्रिकेतील लिलावात जाई. 2018 साली सरकारने फर्मान काढले, की माल देशातच, परवानाधारक दलालामार्फत विकला पाहिजे. मूल्यवृद्धी देशात व्हावी हा हेतू वरकरणी उदात्त होता. परंतु पैसे वेळेवर मिळेनात आणि 2019 च्या जूनमध्ये हजारो उत्पादक राजधानी मासेरूच्या रस्त्यावर उतरले. पुढे सरकारला निर्बंध सैल करावे लागले. यातील बोध दुहेरी आहे. प्रतवारी आणि संघटित विक्री असेल तर डोंगरातल्या मेंढपाळाचा मालही जगाच्या बाजारात जातो. आणि विक्रीचे स्वातंत्र्य हिरावले तर उभा राहिलेला धंदाही डळमळतो.

आपल्याकडे कामाची सुरुवात म्हणूनच जनावरापासून नव्हे, तर कात्रीपासून व्हावी. मेंढपाळांच्या ठरलेल्या वाटांवर यंत्राने कातरणीची सोय असावी. जागेवरच रंग व जाडीनुसार प्रतवारी व्हावी. हंगामापूर्वी आधारभूत किंमत जाहीर करून मेंढी व शेळी विकास महामंडळाने लोकर रोखीने घ्यावी. मात्र अधिक दर देणाऱ्याला ती विकण्याची मोकळीक मेंढपाळाला राहावी. जाड लोकरीचा उपयोग घोंगडी आणि जेन यांपुरताच नाही. नमदा, उष्णतारोधक थर आणि शेतीचे खत यांतही तिला स्थान आहे.

सरकारी खरेदीत तोटा येईल, हा आक्षेप गैरलागू नाही. प्रारंभीची काही वर्षे तो येईलही. शिवाय जाड लोकर मटणाची बरोबरी कधीच करणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु उद्दिष्ट तेवढे मोठे नाहीच. कातरणीची मजुरी लोकरीतून सुटावी आणि वर दोन पैसे उरावेत, एवढेच पहिल्या टप्प्यात साधले तरी पुरे. ते साधल्यावर तलम लोकरीची व मोहेरची स्वप्ने पाहण्यास कोणाची हरकत असणार नाही. पण बांधावर पडलेली लोकर आधी उचलली गेली पाहिजे. जो देश हाती असलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देत नाही, त्याच्या नव्या मालावर मेंढपाळाने विश्वास तरी का ठेवावा?