क्वाड गाडीची सुधारणा कोठून आरंभावी?

चार फुगीर टायरांची, घोड्याप्रमाणें दोन्ही बाजूंस पाय टाकून बसावयाची क्वाड गाडी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शेतकऱ्यांच्या नित्य वापरांत आहे. आपल्याकडे ती अद्याप विरळा. तथापि डोंगरउतारावर बागा असलेल्या मालकांची दृष्टि तिजकडे वळणें साहजिक आहे. ही गाडी कांहीं दिवस वापरली, कीं हँडल जड जातें, दगडावरून जातांना हातास हिसके बसतात, वळणावर गाडी सरळच धांवते, अशा तक्रारी निघतात; आणि मालक तत्काळ महागडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर व चाकें बाहेर सारणाऱ्या चकत्या मागवावयास निघतो. हा क्रम उलटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. बैलगाडीचा आंस तुंब्यांत खडखडत असतां कोणी नवें जूं विकत आणीत नाहीं.

आरंभ हवेपासून करावा. मोटारीच्या टायरांत दर चौरस इंचास सुमारें ३० पौंड हवा असते. ह्या गाडीच्या टायरांत सामान्यतः ३ ते ७ पौंडच असते. अर्थात् ४ पौंडांच्या जागीं ५ पौंड झाले, तर फरक चौथाईचा झाला. मोटारीच्या मापकावर एवढा फरक धड वाचतांहि येत नाहीं; म्हणून कमी दाबाचा निराळा मापक घेणें अवश्य आहे. पेट्रोलपंपावर भसाभस हवा भरून आणिलेली गाडी चेंडूसारखी उसळते, आणि मालक दोष देतो स्प्रिंगांना! पुढील दोन टायरांत हवा कमीजास्त असेल, तर गाडी मऊ टायराच्या बाजूस ओढते. हवा मोजावयाची ती सकाळीं, टायर थंड असतांना. किती भरावयाची तो आंकडा गाडीवरील पट्टींत किंवा पुस्तिकेंत दिलेला असतो. शेजाऱ्यास विचारूं नये.

त्यानंतर सांधे पाहावे. पुढील भाग ठोकळ्यावर उचलून चाक वरून व खालून धरून हलवावें. खडखडलें तर बेअरिंग अथवा बॉल जॉइंट झिजला आहे. तेंच चाक डाव्याउजव्या कडांस धरून हलविलें असतां सैल वाटलें, तर दोष टाय रॉडच्या टोंकाशीं असण्याचा संभव अधिक. चिखलापाण्यांत चालणाऱ्या गाडीचे रबरी बुरखे फाटतात, आंत वाळू शिरते, आणि एका पावसाळ्यांत सांधा खाऊन जातो. बुरखा स्वस्त आहे, सांधा महाग आहे.

सांधे घट्ट असतील तरच चाकांची दिशा मोजण्यांत अर्थ आहे. हँडल सरळ बांधून, पुढील दोन टायरांच्या मध्यरेषांमधील अंतर आंसाच्या उंचीवर एकदां पुढून व एकदां मागून मोजावें. दोहोंतील फरक कांहीं मिलिमीटरांचाच असावयाचा. तो आंत असावा कीं बाहेर, हें प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें भिन्न असतें. फरक काढावयाचा तो दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून. एकच फिरविला, तर गाडी सरळ जाईल पण हँडल वांकडें राहील.

आतां स्प्रिंगांकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, शॉकवरील कडें फिरवून स्प्रिंग दाबली म्हणजे ती अधिक ताठ होते. साध्या स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीवर व वेढ्यांवर ठरलेला असतो. कडें फिरविल्यानें बदलते ती गाडीची उंची. कडें फार आंवळलें, कीं गाडी उंच उभी राहते, तिचा भारमध्य वर जातो, आणि चाकास खड्ड्यांत खालीं उतरावयास जागा उरत नाहीं. चाकें अधांतरीं असतांना आणि माणूस बसल्यावर अशी दोनदां उंची मोजावी. चाकाच्या एकंदर चालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी गाडी बसली, तर ठीक समजावें. मागील भाग दाबून सोडला असतां तो एकदां वर येऊन स्थिर व्हावा. दोनतीनदां उसळला किंवा शॉकवर तेल दिसलें, तर मात्र शॉक निकामी झाला; तेव्हां खुशाल नवा घ्यावा.

वळणाच्या तक्रारीचें आणखी एक कारण गाडीच्या घडणींतच आहे. कित्येक गाड्यांची मागील दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर असल्यामुळें तीं सारख्याच वेगानें फिरतात. वळणावर आंतील चाकास घसरावेंच लागतें. म्हणून स्वारानें धड आंत झुकवून बाहेरील पायावर भार द्यावा. हें शिक्षण कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. चाकें बाहेर सारणाऱ्या चकत्यांनीं पाया रुंद होतो हें खरें. परंतु दगडाचा हिसका अधिक लांब तरफेनें हातांत येतो, आणि बेअरिंगांवर ताण वाढतो. हँडलाच्या हिसक्यांची तक्रार करणारानेंच त्या बसविणें हें आम्हांस नवल वाटतें.

ह्याहून गंभीर गोष्ट फवाऱ्याच्या टाकीची. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, तेंहि मागें व उंचावर. पुढील चाकें हलकीं होऊन चढावर हँडल ऐकेनासें होतें. अर्धी टाकी वजनानें कमी, पण आंतील पाणी उताराकडे धांवतें. येथें कोणतीहि स्प्रिंग तारीत नाहीं. १९७० सालीं होंडा कारखान्यानें अमेरिकेंत तीन चाकांची अशी गाडी आणिली. पुढें अशा गाड्यांस स्प्रिंगाहि आल्या, पण तीन चाकांवरील तोल स्प्रिंगांनीं सुधारेना, आणि १९८८ सालीं तेथें नव्या तिचाकींची विक्री थांबली. ऑस्ट्रेलियानें २०१९ सालीं चौचाकीसाठीं नियम केले. ११ ऑक्टोबर २०२० पासून गाडी किती अंशांवर कलते तें दर्शविणारी चिठ्ठी नव्या गाडीस लावावी लागते. शेतकामाच्या नव्या गाडीस ११ ऑक्टोबर २०२१ पासून स्वार चिरडूं नये म्हणून पाठीमागें संरक्षक कमान लागते, व सुमारें २९ अंशांहून कमी उतारावर ती बाजूस कलतां कामा नये. कांहीं मोठ्या कारखान्यांनीं तेथील विक्रीच सोडली; नियम मात्र राहिला.

आमच्या सभासदांपैकीं जे ही गाडी घेतील, त्यांनीं विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्या: कलण्याचा अंश, ओझ्याची मर्यादा आणि संरक्षक कमान. टायरांतील हवेचा आंकडा व पुस्तिका मराठींत मिळावी, हीहि मागणी रास्त आहे. कारण गाडी बहुधा मालक चालवीत नाहीं, गडी चालवितो.