पात्राचा परवाना आणि समीक्षेचे मौन

लेखकाचा मृत्यू आता आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. रोलाँ बार्थ यांच्या १९६७ सालच्या त्या छोट्या निबंधावर प्रश्न काढले जातात, उत्तरे पाठ केली जातात, आणि मिशेल फुको यांनी १९६९ मध्ये मांडलेली 'लेखक-कार्या'ची संकल्पना टीप लिहा म्हणून विचारली जाते. या साऱ्या काळात एका क्षेत्रात लेखक कंपनीच्या रूपाने पुन्हा देहधारी झाला, आणि संहितेचा कोणता अन्वय लावू द्यावयाचा हे लेखी कराराने ठरवू लागला. त्या क्षेत्राकडे आपल्या सिद्धान्तव्यवहाराने ढुंकूनही पाहिलेले नाही. ते क्षेत्र व्हिडिओ गेमचे. आणि तो करार म्हणजे जुनी, लोकप्रिय पात्रे स्वतंत्र निर्मात्यांना आणि विद्यार्थ्यांना वापरू देण्याचा परवाना.

या परवान्याविषयी जे थोडेबहुत बोलले जाते ते कौतुकाचे असते. २०१५ मध्ये बांदाई नामको या जपानी कंपनीने आपल्या सतरा जुन्या खेळांतील पात्रे आणि सामग्री जपानमधील निर्मात्यांना खुली करण्याची योजना जाहीर केली. त्यात पॅक-मॅन, गॅलॅक्सियन, झेव्हियस अशी नावे होती आणि मंजुरीची पद्धत सुलभ केली होती. अशा योजनांचे वर्णन करताना औदार्य, लोकशाहीकरण, नव्या पिढीला संधी हे शब्द हमखास येतात. बंदीपेक्षा परवाना बरा, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याला औदार्य म्हटले जात आहे ते आजच्या स्वरूपात अन्वयार्थावरील पूर्वनियंत्रण आहे, आणि साहित्यसमीक्षेने तरी त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावयास हवे, असे माझे म्हणणे आहे.

'सुलभ केलेली मंजुरी' या शब्दप्रयोगात महत्त्वाचा शब्द 'सुलभ' हा नाही, 'मंजुरी' हा आहे. मंजुरी म्हणजे कृती वाचकांपुढे येण्याआधी ती मालकाने वाचणे, आणि त्याला न पटल्यास ती कोणीच न वाचणे. एखाद्या कादंबरीकाराने आपल्या कादंबरीवरील प्रत्येक समीक्षालेख छापण्यापूर्वी स्वतःकडे मागविला असता तर आपण किती गदारोळ केला असता! येथे मात्र सारे शांत आहे. याचे कारण मला असे दिसते की खेळावर केलेला खेळ ही समीक्षा असू शकते, हेच आपण मान्य केलेले नाही.

ती समीक्षा असू शकते याचा पुरावा या व्यवहाराच्या आरंभकाळातच सापडतो. १९८१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एम.आय.टी.तील शिक्षण अर्धवट सोडलेल्या काही तरुणांनी जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या नावाने एक उद्योग सुरू केला. डग मॅक्रे आणि केव्हिन करन ही त्यांतील दोन नावे. अटारीच्या 'मिसाइल कमांड' या नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात बसविता येईल असा सर्किट बोर्ड त्यांनी तयार केला. तो बसविला की जुना खेळ अधिक अवघड आणि ताजा होई. अटारीने त्यांच्यावर दीड कोटी डॉलरचा दावा लावला. पुढे तडजोड झाली आणि तीत एक अट आली : मूळ निर्मात्याच्या परवानगीवाचून असे बोर्ड बनवावयाचे नाहीत. या घटनाक्रमातील परवानगी कलेच्या कोणत्याही विचारातून निघालेली नाही. दाव्यात सापडलेल्या तरुणांनी मान्य केलेले ते एक कलम आहे.

त्या वेळी त्यांच्या हातात पॅक-मॅनवर रचलेला दुसरा खेळ होता, 'क्रेझी ऑटो'. आता परवानगी घेणे भाग होते, म्हणून तो घेऊन ते शिकागोच्या मिडवे कंपनीकडे गेले. अमेरिकेत पॅक-मॅनचे हक्क मिडवेकडे होते. १९८२ च्या आरंभी तो खेळ 'मिस पॅक-मॅन' या नावाने बाजारात आला. त्याचे यश सर्वांना ठाऊक आहे. समीक्षकाने पाहावयाचे ते त्यातील बदल. मूळ खेळात भुलभुलैया एकच होता आणि भुते ठरलेल्या रीतीनेच वागत, त्यामुळे खेळाडू वाटा पाठ करून तासन्‌तास खेळत राहत. नव्या खेळात चार भुलभुलैये आले, फळे जागेवर न थांबता फिरू लागली, भुतांच्या हालचालीत यदृच्छेचा अंश मिसळला गेला, आणि पाठांतर निरुपयोगी ठरले. मूळ संहितेचे इतके बारकाईचे वाचन, तिच्या नेमक्या दुर्बल स्थानावर ठेवलेले बोट, आणि ते दौर्बल्य दूर करणारी प्रतिसंहिता : याला समीक्षा म्हणावयाचे नसेल तर कशाला म्हणावयाचे? फरक एवढाच की ही समीक्षा निबंधात लिहिलेली नाही, आज्ञावलीत लिहिली आहे. आणि तिची सुरुवात परवानगी मागून झालेली नव्हती.

येथे पात्र या संकल्पनेचाच थोडा विचार करावा लागेल. पॅक-मॅन म्हणजे काय? चित्राच्या अंगाने पाहिले तर एक पिवळे वर्तुळ आणि त्यातून काढून घेतलेली एक फोड. तोरू इवातानी यांच्या १९८० सालच्या खेळात पात्रे घडतात ती मात्र वर्तनातून. लाल भूत सरळ मागे लागते. गुलाबी भूत नायक जिकडे तोंड करून असेल त्या दिशेने चार घरे पुढचा नेम धरते, म्हणजे ते पाठलाग न करता दबा धरते. नारिंगी भूत दूर असताना चाल करून येते आणि जवळ आले की पाय काढते. भित्रेपणाचे इतके काटकसरीचे चित्रण कथावाङ्मयातही क्वचित आढळेल. यांतील एकालाही संवाद नाही, पूर्वायुष्य नाही. स्वभाव संपूर्णपणे नियमात आहे.

कायद्याने पकडले ते मात्र चित्र. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापुढे 'के.सी. मंचकिन' या खेळाचे प्रकरण आले. पॅक-मॅनशी त्याचे साम्य होते, म्हणून अटारीने नॉर्थ अमेरिकन फिलिप्सविरुद्ध दाद मागितली होती. खेळ म्हणून खेळाला प्रताधिकाराचे संरक्षण नाही, पण खादाड नायक आणि भुते यांच्या आकृतींना आहे, अशी विभागणी करून न्यायालयाने मनाईचा हुकूम दिला. ही विभागणी मान्य केली तर मुखवटा मालकीचा ठरतो आणि स्वभाव सर्वांचा. मग परवाना देणारा नेमके काय देतो? मुखवटा. परंतु मंजुरीच्या निमित्ताने तो तपासतो ते सारे नाटक. जे त्याच्या मालकीचे नाही त्यावरही तो नियंत्रण मिळवितो, आणि तेही जे त्याच्या मालकीचे आहे त्याच्या बदल्यात.

दोन अलीकडची उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. सेगाच्या सॉनिक या पात्रावर चाहते म्हणून खेळ बनविणाऱ्यांतून पुढे आलेल्या ख्रिश्चन व्हाइटहेड यांना सेगाने आधी 'सॉनिक सीडी'ची नवी आवृत्ती (२०११) आणि नंतर अन्य दोन छोट्या चमूंसह 'सॉनिक मेनिया' (२०१७) करू दिला. परवान्याचे समर्थक हे उदाहरण अगत्याने देतात, आणि ते देण्यासारखे आहेच. दुसरे उदाहरण मिल्टन ग्वास्ती या अर्जेंटिनातील निर्मात्याचे. निन्टेन्डोच्या १९९१ सालच्या 'मेट्रॉइड २' ची त्यांनी अनेक वर्षे खपून केलेली पुनर्रचना ऑगस्ट २०१६ मध्ये, मेट्रॉइडच्या तिसाव्या वर्षी, विनामूल्य प्रसिद्ध झाली. काही दिवसांतच कायदेशीर नोटिशीने ती मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये निन्टेन्डोने त्याच मूळ खेळाची स्वतःची पुनर्रचना बाजारात आणली. कंपनीच्या हेतूंविषयी मी तर्क करणार नाही, त्याची गरजही नाही. एका संहितेची दोन वाचने झाली. त्यांपैकी एक अधिकृत राहिले आणि दुसरे काढून घेतले गेले, एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे. व्हाइटहेड आणि ग्वास्ती या दोघांच्या कामांत गुणवत्तेचा फरक शोधणे व्यर्थ आहे. फरक आहे तो एवढाच, की एका दारी हक्कधारकाला ते वाचन हवे होते आणि दुसऱ्या दारी नको होते. ज्या स्वातंत्र्याची व्याप्ती देणाऱ्याच्या मर्जीएवढी, त्याला आपण इतर क्षेत्रांत स्वातंत्र्य म्हणत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, जुन्याची उसनवारी कशाला? विद्यार्थ्यांनी स्वतःची पात्रे निर्माण करावीत. हा आक्षेप घेणारे एरवी 'मौलिकता' या रोमँटिक कल्पनेची टर उडविणारेच असतात, ही गंमत सोडून देऊ. मराठी काव्याच्या अभ्यासकाच्या तोंडी तरी तो शोभत नाही. मोरोपंतांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगितली जातात. त्यांत ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून रचलेले निरोष्ठ रामायणही आहे. नायक तोच, कथा तीच, बदलला तो रचनेचा नियम. या उद्योगाला आपण कधी नुसता शब्दखेळ म्हणून हिणवले तर कधी पांडित्य म्हणून गौरविले, पण राम परका म्हणून पंतांनी दुसरा नायक शोधावयास हवा होता असे कोणी म्हटले नाही. ओळखीचे पात्र स्थिर ठेवले म्हणजेच नियमातील बदल दिसू लागतो. नवशिक्यासाठी ही सोय नाही, ही पद्धत आहे. अर्थात रामाचा कोणी हक्कधारक नव्हता, हे खरे. आणि म्हणूनच परंपरेचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान मुलांच्या परिचयाचे पात्र कोणी बीभत्स किंवा द्वेषमूलक कामाला जुंपले तर? भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय कृतीवर ठळकपणे 'अनधिकृत' असे नमूद करण्याची सक्ती हा आहे, आणि द्वेषाविरुद्ध व अब्रुनुकसानीविरुद्ध जे सामान्य कायदे आहेत ते आहेतच. एका संभाव्य विकृतीसाठी सर्वांचे लेखन आधी तपासावयाचे, हा युक्तिवाद आपण नाट्यपरिनिरीक्षणाच्या वादात पुरेसा ऐकला आहे.

वेगळी रीत शक्य आहे, याचे उदाहरण जपानमध्येच आहे. १९९६ पासून सुरू असलेल्या 'तोहो' या खेळमालिकेचे कर्ते जुन्या ओता, जे 'झुन' या नावाने ओळखले जातात, त्यांनी आपल्या पात्रांवर आधारित हौशी निर्मितीसाठी सर्वसाधारण नियम जाहीर केले. त्या चौकटीत राहणाऱ्याला प्रत्येक वेळी कर्त्याकडे जावे लागत नाही; कंपन्यांनी करावयाच्या व्यापारी वापराचा मार्ग निराळा. या पात्रांभोवती खेळांचे, चित्रकथांचे आणि संगीताचे जे अफाट द्वितीयक वाङ्मय उभे राहिले, त्याने मूळ कर्ता बुडाला नाही. विद्यार्थ्यांसाठी परवाना द्यावयाचा तर तो असा द्यावा : आधी जाहीर केलेला, सर्वांना सारखा, आशयाची मंजुरी न मागणारा, आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या कृतीपुरता तरी मागे न घेता येणारा. विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली विद्यार्थ्याचीच राहील, हेही त्यात स्पष्ट हवे. यात हक्कधारकाच्या मिळकतीला हात लागत नाही; लागतो तो त्याच्या समीक्षक असण्याला.

हे सारे दूरच्या देशांचे आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने मुंबई उच्च न्यायालयापुढील २०१६ चे अरबाझ खान प्रॉडक्शनचे प्रकरण पाहावे. 'दबंग'मधील चुलबुल पांडे या पात्राच्या संदर्भात, वेगळेपण असलेले पात्र तत्त्वतः संरक्षणास पात्र ठरू शकते, असे मत तेथे नोंदले गेले. (मराठीत हे वाक्य लिहिताना 'पात्र' शब्दाची दोन्ही रूपे एकमेकांवर आदळतात, त्याला इलाज नाही.) आपल्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ समीक्षेसाठी उचित वापराची मुभा देते आणि अध्यापनाच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या पुनरुत्पादनालाही सूट देते. म्हणजे वर्गात विद्यार्थ्याचा पॅक-मॅन बहुधा सुरक्षित आहे. तो वर्गाबाहेर पडला की त्याला समीक्षा मानावयाचे की उल्लंघन, हे कोणी सांगावयाचे? न्यायाधीशाला समीक्षा म्हणजे काय हे विचारावेसे वाटले तर तो आपल्याकडेच पाहील, आणि आपण त्याला निबंध दाखवू.

मिस पॅक-मॅनचे पुढे काय झाले तेही नोंदवावयास हवे. तिच्या मानधनाचे हक्क मूळ निर्मात्यांकडून अ‍ॅटगेम्स या कंपनीने घेतले आणि २०१९ मध्ये नामको आणि ती कंपनी यांच्यात न्यायालयीन वाद उभा राहिला. २०२२ मध्ये १९८४ चा 'पॅक-लँड' पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील मिस पॅक-मॅन नाहीशी झाली होती; तिच्या जागी 'पॅक-मॉम' नावाची वेगळी आकृती आली होती. मूळ संहितेत असा हस्तक्षेप ज्ञानेश्वरीच्या पोथीत झाला असता तर आपण पाठभेद नोंदविले असते, प्रक्षेप कोणता ते ठरविले असते, प्रतींची वंशावळ मांडली असती. येथे ते करावयाचे तर १९८४ चे यंत्र चालू अवस्थेत कोठे आहे ते शोधावे लागेल. आणि 'मेट्रॉइड २' च्या १९९१, २०१६ व २०१७ या तीन पाठांचा तौलनिक अभ्यास प्रबंधासाठी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला मधला पाठ त्याच्या कर्त्याने स्वतः प्रकाशित केलेल्या ठिकाणाहून मिळणार नाही. इतरत्र मिळालाच तर संदर्भसूचीत तो कोठून मिळाला म्हणून लिहावयाचे, याचे उत्तर त्याच्या मार्गदर्शकाला द्यावे लागेल.