कळ आणि कळवळा

आमच्या घरात नवी वस्तू आली, की तिची जागा सौभाग्यवती ठरवतात, तिच्यातल्या खुब्या चिरंजीव जाणतात आणि तिचे हप्ते मी भरतो, हे या पानाच्या नेहमीच्या वाचकांना निराळे सांगायला नको. त्या रिवाजाप्रमाणे नव्या संगणकाचा पहिला हप्ता मी भरला आणि चिरंजीवांकडून मला कळले, की त्यात एक कृत्रिम बुद्धीचा मदतनीस मुळातच बसवलेला आहे. त्याला अजून कोणी उठवलेलेच नाही.

"बाबा, खाली ते रंगीत चिन्ह आहे ना, त्याच्यावर टिचकी मारा. मराठीत विचारलंत तरी चालतं."

मराठीत विचारले तरी चालते! वीस वर्षे मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ही केवढी सवलत!

तरी मी चार दिवस टिचकी मारली नाही. कारण थोडे लाजिरवाणे आहे. त्याच आठवड्यात द्वितीय वर्षातल्या एका मुलाने 'माझी आजी' या विषयावर चार पाने लिहून आणली होती. त्या चार पानांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती आणि आजीही नव्हती. मी भर वर्गात त्याला उभे केले, "हे यंत्राचं लेखन आहे, स्वतःच्या शब्दांत लिहून आण," असे सुनावले, आणि उरलेला तास 'शैली म्हणजे माणूस' या विषयावर बोललो. असे बोलून घरी आल्यावर टिचकी मारायची कशी?

पण मला एक पत्र लिहायचे होते.

आमची ताई नागपूरला असते. वडिलांच्या पश्चात गावचे घर विकावे की ठेवावे, यावरून दोन वर्षांपूर्वी फोनवर बोलणे झाले आणि त्यात मी एक वाक्य बोललो. ते इथे छापण्याजोगे नाही. तेव्हापासून भाऊबीजेला मी पुण्यात आणि ती नागपुरात. यंदा पत्र लिहायचे, असे गणपतीपासून ठरवत होतो. पहिल्या ओळीच्या पुढे काही जात नव्हते.

संगणकाने माणसाचे पत्र लिहायला धावून येणे, ही गोष्ट तशी जुनीच. मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस ९७' मध्ये डोळे मिचकावणारी एक कागदाची क्लिप होती. पत्राचा मायना टंकला, की ती टुणकन उगवे आणि मदत हवी का, म्हणून विचारी. लोक इतके वैतागले, की २००७च्या आवृत्तीत तिला रजा मिळाली. २०१६मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांत 'सिरी' आली, २०२३मध्ये विंडोजमध्ये 'कोपायलट' आला, आणि २०२४पासून तर काही कळफलकांवर त्याच्यासाठी स्वतंत्र कळच बसू लागली. माझ्याकडचा मदतनीस यांपैकी कोणत्या घराण्याचा, ते सांगत नाही. घरात राहणाऱ्याची चहाडी करू नये.

रात्री सगळे निजल्यावर टिचकी मारली. खाते उघडले, अटी वाचल्यासारखे करून मान्य केल्या. माझा आवाज ऐकण्याची परवानगी मात्र नाकारली; आमच्या घरातला आवाज शेजाऱ्यांना फुकट ऐकू येतो, तेवढे पुरे. आपण टंकलेले बहुतेक सारे दूरच्या कुठल्याशा मोठ्या यंत्रांकडे जाते आणि तिथून उत्तर येते, हे चिरंजीवांनी बजावले होतेच. म्हणून मी ताईचे नाव दिले नाही, घराचा विषय दिला नाही. 'बहिणीशी गैरसमज झाला आहे, भाऊबीजेनिमित्त पत्र लिहून दे,' इतकेच लिहिले.

पापणी लवते न लवते, तोच पत्र हजर! 'प्रिय ताई, आशा आहे की हे पत्र तुला उत्तम आरोग्यात सापडेल...'

मी ते छापून घेतले आणि सवयीने लाल पेन उचलले. पत्र माणसाला सापडत नाही, ते पोचते. 'प्रिय ताई' नव्हे, 'ती. ताईस सा. न. वि. वि.' 'मतभेद'? मतभेद विधानसभेत होतात, भावाबहिणीत भांडण होते. पुढे वाक्य होते: 'आपल्यामध्ये काही कटू शब्द बोलले गेले.' मी समासात शेरा मारला: 'कर्मणी प्रयोग. कर्ता कोण?'

आणि हात तिथेच थांबला.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. असंख्य लोकांचे लेखन, त्यातही इंग्रजी फार, वाचून पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, हे ते ताडते. त्यामुळे त्याचे पत्र सगळ्यांचे असते. शिवाय 'गैरसमज' हा शब्द त्याला मीच पुरवला होता. ताईचा काही गैरसमज झालेला नव्हता. मी बोललो ते तिला नीट समजले होते.

त्या कागदाच्या पाठीवर मी लिहिले, 'ताई, त्या दिवशी मी बोललो.' मग पुढचे सुचत गेले. पहाटे दोनला दीड पान झाले. सकाळी स्वच्छ उतरवून पेटीत टाकले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला शिक्षक-खोलीत बोलावून म्हटले, "लिहू नकोस, नुसतं सांग. आजी कशी होती?"

तो घुटमळला. "सर, ती विडी ओढायची. आजोबा आले की मला हातात धरायला द्यायची."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"निबंधात असलं चालतं, सर?"

त्याला काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही. वीस वर्षे निबंध तपासतो आहे, आणि असले चालते, असे मी वर्गात कधी म्हटल्याचे आठवत नाही.

मदतनीस अजून चालूच आहे. सौभाग्यवतींनी त्याला भाजणीच्या चकलीचे प्रमाण विचारले आणि त्याने सांगितलेले मोहन त्यांनी परस्पर निम्म्यावर आणले. ताईचे उत्तर आलेले नाही. भाऊबीजेच्या आदल्या रात्रीचे नागपूरचे तिकीट काढले आहे. प्रतीक्षायादीत ३४वा आहे. हा अंक तिच्याकडेही जातो, हे आत्ता लक्षात आले.