पोटॅशियमची बाटली आणि रुग्णाचा हक्क

औषध जाते रुग्णाच्या पोटात, पण त्याची माहिती राहते डॉक्टर आणि दुकानदाराजवळ. ही रीत आम्हाला मान्य नाही. पोटॅशियम क्लोराईडचेच पाहा. अंगावरची सूज उतरावी म्हणून फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढविणारी गोळी देतात. लघवीवाटे पोटॅशियम निघून जाते, म्हणून जोडीला पोटॅशियमचे पातळ औषध किंवा गोळी लिहून देतात. इथवर सारे योग्यच. पोटॅशियम घटले तर स्नायूंतले बळ जाते, हृदयाचे ठोके बिघडतात. पण ते फार वाढले तर हृदय बंदही पडू शकते. रक्तात लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल, एवढीच त्याची मर्यादा.

ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे रक्ततपासणीशिवाय कळत नाही. आणि आमच्या वस्त्यांत नेमकी तीच होत नाही. तपासणीला पैसे लागतात, दिवसाची मजुरी बुडते. जुनी चिठ्ठी दाखवली की बाटली मात्र मिळते! मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर पोटॅशियम शरीरात साचते. कमी सोडियमचे म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मिठांतही पोटॅशियम क्लोराईडच असते. हे रुग्णाला कोणी सांगितले?

पातळ औषध मापाने मोजून, पाण्यात मिसळून, जेवणानंतर घ्यावे. सावकाश विरघळणारी गोळी चावू वा कुटू नये. ती पेलाभर पाण्याबरोबर बसून गिळावी. अशक्तपणा वाटतो म्हणून शेजाऱ्याची बाटली तोंडाला लावू नये. हातपाय लुळे वाटले, ठोके चुकले, शौचाला काळे झाले, तर तडक रुग्णालय गाठावे.

रुग्णालयांनाही जबाबदारी झटकता येणार नाही. पोटॅशियमचे तीव्र इंजेक्शन पातळ न करता शिरेत गेले तर माणूस जागीच दगावतो. अशी तीव्र द्रावणे वॉर्डात इतर औषधांबरोबर ठेवू नयेत, ही रुग्णसुरक्षेची सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच पुढे आणली आहे.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितलेली उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. ती मागा. औषध कशासाठी, किती दिवस, पुढची तपासणी केव्हा, हे तीन प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. हा उद्धटपणा नव्हे, हा आपला हक्क आहे.